विहिरीला पाणी आहे, पण पिणार कसं?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा. विदर्भातलं पूर्णेचं खोरं मात्र वेगळं. इथे नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाडजूड थर आहेत. गाळात पाणी साठतं, म्हणजे चंगळच हवी ना? पण अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला खारपाणपट्टा तो हाच!

त्यामुळे इथे नुसती पाणीपातळी बघून भागत नाही. पातळीचं काम तसं सरळ आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. मे आणि ऑक्टोबरच्या पातळीतल्या फरकावरून पावसाने किती भरणा केला ते कळतं. उपसा उपलब्ध पाण्याच्या 70 टक्क्यांच्या आत असला, की भाग 'सुरक्षित'. माझ्या मते खारपाणपट्ट्यात हा शब्द फसवा आहे, कारण पाणी खारट म्हणूनही उपसा कमी असू शकतो.

खरी कहाणी क्षारांची. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतात. दुसरी सोयच नसेल तर 2000. इथल्या कित्येक विहिरी तीही मर्यादा ओलांडतात. असं सोडियमयुक्त पाणी शेताला दिलं, की काळ्या मातीचा निचरा मंदावतो आणि वाळल्यावर ती दगडासारखी होते. म्हणून तर शेततळ्यातल्या पावसाच्या पाण्याला इथे एवढा भाव.

पाण्यात क्षार किती, हे तपासूनच कळतं. तुमच्या बोअरचं पाणी तपासायला देताना मोटर आधी थोडा वेळ चालू ठेवा, बाटली त्याच पाण्याने विसळा आणि मगच नमुना भरा.