हस्तिदंती पंखा आणि त्याची फाइल

लंडनच्या लिलावघरात बोलीच्या आधी वस्तू हाताळून पाहता येते. पंख्यासाठी हात धुऊन यायचे, अंगठी काढायची आणि पंखा मऊ कापडावर उघडायचा. सिनेमातल्यासारखा झटका द्यायचा नाही. एकेक पट्टी सरकू द्यायची.

समोरचा पंखा कँटनचा, म्हणजे आजच्या ग्वांगझूचा, १८०० च्या आसपासचा, युरोपी गिऱ्हाइकांसाठी केलेला. याला कागद नाही की कापड नाही. नुसत्या हस्तिदंती पट्ट्या, खाली खिळ्यात आणि वर रेशमी फितीत ओवलेल्या. भिंग लावले की कारागिराचा हात कळतो. फुले, मंडप, माणसे यांच्यामागची जमीन सगळी उभ्या फटींची. दोन फटींमधला दंत शिवणाच्या दोऱ्याइतका. मधोमध ढालीचा आकार आहे. त्यावर मालकाची आद्याक्षरे कोरायची पद्धत होती. इथे ती जागा कोरीच राहिली आहे.

मग पंखा उजेडासमोर धरायचा. तुटून चिकटवलेली पट्टी डिंकाच्या चकाकीने उघडी पडते. फीत नवी असली तर कोणी नाक मुरडत नाही, रेशीम तेवढे टिकतच नाही. मात्र ती बदलताना पट्ट्यांचा क्रम चुकला, तर नक्षी मध्येच उडी मारते. पट्ट्या दंताच्याच आहेत की हाडाच्या, हेही बघायचे: हाडावर बारीक काळसर ठिपके दिसतात, दंतावर नाहीत. तापलेली सुई टोचून बघा म्हणणारेही भेटतात. त्यांच्या हाती पंखा देऊ नये.

खरी तपासणी पंख्याच्या फाइलमध्ये, म्हणजे कागदपत्रांत होते. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा ६ जून २०२२ ला लागू झाला. संग्रहालयांना विक्रीची वाट वेगळी आहे. बाकी अख्खा हस्तिदंती पंखा विकायचा तर तो १९१८ पूर्वीचा हवा, शिवाय कला, संस्कृती किंवा इतिहास यांच्या दृष्टीने असाधारण असल्याचे प्रमाणपत्र हवे. नुसत्या सुबक पंख्याला ते मिळत नाही, तो कपाटातच राहतो. कारागिरासाठी जीव हळहळतो, तरी हत्तीच्या बाजूने बघता कायदा मला पटतो.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचा दंत मुंबई बंदरात उतरून लंडनला आणि चीनला जाई. आता भारतात देशी दंताचा व्यापार बंद आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकी दंताचाही. शेजारचे पुणेकर गृहस्थ पंखा घरी न्यावा म्हणत होते. म्हटले, “काका, बोलीचा हात वर करण्याआधी कस्टम्सला विचारा.” त्यांनी कॅटलॉग मिटला आणि चांदीच्या चमच्यांकडे वळले.