मनोरे आणि दारे : इंग्रजी उताऱ्यांतील ब्रिटन कसे वाचावे?

इंग्रजी वाचनाच्या सरावासाठी आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती जे उतारे येतात, त्यांत ब्रिटनमधील ऐतिहासिक शहरांवरचा एखादा उतारा हमखास असतो. ऑक्सफर्डचे मनोरे, केंब्रिजमधील किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर, बाथ येथील रोमनकालीन स्नानगृहे, यॉर्कचे भव्य कॅथीड्रल, एडिंबराचा किल्ला. उताऱ्याखाली ठरावीक प्रश्न असतात. ही वास्तू कोणी बांधली? कोणत्या शतकात बांधली? ती कशासाठी प्रसिद्ध आहे? विद्यार्थी उत्तरे शोधून वहीत उतरवतात आणि पाठ संपतो.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने रात्रीच्या अभ्यासिकेत असे उतारे वाचून घेताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. आपली काही मुले त्या वर्णनाने दिपून जातात, तर काही मुले ‘हे आपल्यासाठी नाही’ असे समजून मनातल्या मनात पुस्तक मिटून टाकतात. या दोहोंचे कारण एकच आहे. उताऱ्यात मनोऱ्यांचे वर्णन असते. त्या मनोऱ्यांखालच्या दारातून कोणाला आत जाता येत होते, हे मात्र सांगितलेले नसते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, अशा उताऱ्यांचे वाचन कसे करावे, याविषयी थोडे विवेचन करीत आहे.

नावांची भीती आणि फसवे शब्द

पहिली अडचण उच्चारांची. ‘लेस्टर’ हे शहर अक्षरे जुळवून वाचणारा विद्यार्थी ‘लीसेस्टर’ असे वाचतो, ‘वूस्टर’चे ‘वॉर्सेस्टर’ होते, ‘ग्रेनिच’चे ‘ग्रीनविच’ होते, आणि वर्गात हशा पिकतो. विद्यार्थ्यांनी येथे लाजण्याचे कारण नाही. ही नावे जुनी आहेत. शतकानुशतके बोलण्यात ती झिजली, लिहिण्यात मात्र तशीच राहिली. त्यांची फोड केली की भीती जाते. ऑक्सफर्ड म्हणजे बैल नदी पार करीत तो उतार. केंब्रिज म्हणजे नदीवरचा पूल. मँचेस्टर, विंचेस्टर, लेस्टर यांच्या शेवटी येणारा अंश रोमन सैन्याच्या छावणीसाठी असलेल्या लॅटिन शब्दापासून आला आहे. आपल्याकडच्या गावांच्या नावांप्रमाणेच तिकडचीही नावे नदी, पूल, जनावरे आणि छावण्या यांतूनच जन्मली आहेत.

दुसरी अडचण ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे सर्वांसाठी असलेली शाळा, असे आपला विद्यार्थी समजतो. इंग्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ भरमसाठ शुल्क घेणारी खाजगी शाळा असा होतो. यामागे एक इतिहास आहे. विंचेस्टर कॉलेज १३८२ साली आणि ईटन १४४० साली स्थापन झाले, तेव्हा दोन्ही ठिकाणी ७० गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिक्षण देण्याची तरतूद होती. पुढे शुल्क देणाऱ्या श्रीमंतांच्या मुलांची संख्या वाढत गेली आणि ज्या शाळांच्या स्थापनेत गरिबांचा विचार होता, त्याच शाळा उच्चवर्गाची मिरासदारी बनल्या. संस्थेचा हेतू स्थापनेच्या कागदावर लिहून ठेवल्याने टिकत नाही. तो प्रत्येक पिढीला जपावा लागतो. निवासी शाळा चालविणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दारावरची अट

ऑक्सफर्डमध्ये १०९६ च्या सुमारास अध्यापन होत असल्याचे सांगितले जाते. तेथील नागरिकांशी झालेल्या संघर्षानंतर बाहेर पडलेल्या काही विद्वानांनी १२०९ साली केंब्रिजला विद्यापीठाचा पाया घातला. ही माहिती उताऱ्यात असते. उताऱ्यात सहसा नसते ते असे की, ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेतानाच विद्यार्थ्याला इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या एकोणचाळीस कलमांना मान्यता द्यावी लागे. केंब्रिजमध्ये पदवी घेताना ही अट आडवी येई. कॅथलिक, ज्यू, चर्चपासून वेगळे झालेले प्रोटेस्टंट पंथीय आणि कोणताच धर्म न मानणारे, या सर्वांसाठी देशातील सर्वोच्च शिक्षणाचा मार्ग असा अडविलेला होता.

या अन्यायावर दोन बाजूंनी प्रहार झाला. एक, दाराबाहेरच्यांनी नवे दार बांधले. १८२६ साली लंडनमध्ये जी संस्था निघाली, जी आज युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन म्हणून ओळखली जाते, तिने प्रवेशासाठी धर्माची अटच ठेवली नाही. ‘देव नसलेली संस्था’ म्हणून तिची हेटाळणी झाली. १८३६ साली लंडन विद्यापीठाला सनद मिळाली आणि धर्म न विचारता पदवी मिळू लागली. दुसरे, जुने दार कायद्याने उघडले. १८५४ साली ऑक्सफर्डची आणि १८५६ साली केंब्रिजची अट सैल झाली. १८७१ च्या कायद्याने धर्मशास्त्राच्या पदव्या वगळता ती जवळजवळ संपुष्टात आली. सनदशीर मार्गाने, संघटितपणे आणि चिकाटीने केलेल्या प्रयत्नांचे हे फळ होते.

स्त्रियांची वाट याहून लांब होती. लंडन विद्यापीठाने १८७८ साली स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. केंब्रिजचे गर्टन हे स्त्रियांचे कॉलेज १८६९ चे. परंतु १८९७ साली स्त्रियांना पदवी देण्याचा प्रस्ताव मतास आला, तेव्हा विरोधकांनी सायकलवर बसलेल्या विद्यार्थिनीची प्रतिकृती भर रस्त्यावर टांगली आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ साली. ऑक्सफर्डने १९२० साली दिल्या. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ सालीच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. पदवी हाती येण्यास त्यांना तीस वर्षे वाट पाहावी लागली.

दगडांचा पैसा कोणाचा?

भव्य इमारतीचे वर्णन वाचताना आणखी एक प्रश्न विचारावा : हिचा खर्च कोणी केला? ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचे सुंदर ग्रंथालय ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन याच्या देणगीतून उभे राहिले. १७१० साली मृत्यूपूर्वी त्याने त्यासाठी १०,००० पौंड ठेवले होते. त्याची संपत्ती कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांतून आली होती आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. त्या माणसांना अक्षरओळखही मिळाली नाही. त्यांच्या घामातून मात्र ग्रंथालय झाले. कॉलेजने अलीकडे त्या गुलामांच्या स्मरणार्थ फलक लावला आणि २०२० साली ग्रंथालयाला कॉड्रिंग्टनचे नाव वापरणे थांबविले. ज्ञानाचे मंदिर पवित्र असले तरी त्याच्या पायाची चौकशी करणे, हा ज्ञानाचाच भाग आहे.

त्यांची मुले आणि आपली मुले

इंग्लंडमधील कामकरी वर्गाच्या मुलांनाही शाळा सहज मिळाली नाही. १८३३ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत काम करणाऱ्या ९ ते १३ वर्षांच्या मुलांना दिवसाचे दोन तास शिक्षण देण्याचे बंधन आले, म्हणजे उरलेले तास ती मुले यंत्रांपाशीच होती. १८७० च्या कायद्याने गावोगावी प्राथमिक शाळा उभारण्याची व्यवस्था झाली, १८८० साली शिक्षण सक्तीचे झाले आणि १८९१ नंतर बहुतांश ठिकाणी ते मोफत झाले.

त्याच ब्रिटनच्या सत्तेखाली आपल्याकडे काय घडत होते? ज्या १८५६ साली केंब्रिजची धर्माची अट सैल झाली, त्याच वर्षी तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाला नकार मिळाला. सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, असे कंपनीच्या संचालकांनी नंतर कळविले. परंतु कागदावरचा हुकूम आणि वर्गातले बाक यांत अंतर राहिले. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी दाखवून दिले की, सरकारी महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. इंग्लंडने आपल्या मुलांसाठी जे केले, ते येथे करण्यास तेच सरकार तयार नव्हते. आपल्या भागात ते पाऊल १९१७ साली कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी उचलले.

त्या दारातून आत गेलेला विद्यार्थी

आता लंडनकडे पुन्हा वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात त्यांनी दिवसच्या दिवस अभ्यास केला. १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. अशी त्यांची वाटचाल झाली.

त्यांच्या या एम.एस्सी. व डी.एस्सी. पदव्या लंडन विद्यापीठाच्या होत्या, कारण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १९०० सालीच त्या विद्यापीठाचा भाग बनले होते. म्हणजे धर्म विचारून दार बंद करणाऱ्यांच्या विरोधात ज्यांनी नवे दार बांधले, त्यांच्याच परंपरेतील विद्यापीठात, जन्म विचारून ज्याला वर्गात वेगळे बसविले गेले असा विद्यार्थी सर्वोच्च पदवीपर्यंत पोहोचला. एका देशातील वंचितांनी उघडलेले दार दुसऱ्या देशातील वंचिताच्या उपयोगी पडले. दार उघडणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी असा उतारा हाती येईल तेव्हा पुस्तकातील प्रश्नांची उत्तरे अवश्य लिहा. परीक्षेत ती लागतात. त्याखाली स्वतःचे तीन प्रश्न मात्र जोडा : येथे कोणाला प्रवेश होता? खर्च कोणी सोसला? दार कोणी उघडले? उत्तरे इंग्रजीतच लिहिण्याचा प्रयत्न करा. व्याकरण चुकले तर आपले शिक्षक दुरुस्त करतील. पण प्रश्न विचारण्याची सवय तुमची तुम्हालाच लावून घ्यावी लागेल.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ या काळात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि आज तेथे त्यांचे स्मारक आहे. त्या घराला मनोरा नाही. ब्रिटनमधील ऐतिहासिक स्थळांवर स्वतःचा इंग्रजी उतारा लिहाल तेव्हा आरंभ त्या घरापासून करा. तसा उतारा लिहिणारे अनेक विद्यार्थी या शाळेतून घडोत, हीच या प्रसंगी मनःपूर्वक सदिच्छा.