काळी माती, लाल मडकं

गड्ड्यात अक्षता टाकायला आपण सगळेच जातो. पण ते लग्न नक्की कुणाचं, असं विचारलं की अर्धा ग्रुप एकमेकांकडे बघतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं लग्न, आणि नवरी एका कुंभाराची लेक! ज्या शहराचा सगळ्यात मोठा लग्नसोहळा कुंभारकन्येचा, तिथे 'हँडमेड सिरॅमिक' म्हटलं की आपल्याला आठवतो तो इन्स्टावरचा पांढराफटक मग. कुंभार वेस हा तर फक्त रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. फार तर मगवर 'लोकल टच' म्हणून सिद्धेश्वर मंदिराचं चित्र काढायचं.

चित्राला हरकत नाही. पण परिसर भांड्यावर रंगवणं वेगळं आणि परिसराचंच भांडं करणं वेगळं. हे दुसरं काम अवघड आहे, कारण आपली माती हट्टी आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट झाला, तो झिजून मुरूम झाला आणि पुढे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतातली तीच भेग तुमच्या वाटीलाही पडते. चाकावर लोण्यासारखी चालणारी माती सावलीत वाळवली तरी तडकते. म्हणून कुंभार नुसती काळी माती वापरत नाहीत. तिच्यात गाळ, वाळू, राख, लीद मिसळतात. वाळू आणि राखेने आकसणं कमी होतं. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं उरतात. त्यातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि माठ गार राहतो. आपण ज्याला मटेरियल सायन्स म्हणतो ते हेच, फक्त जर्नल नाही.

दुसरा हट्ट चुनखडीचा. आपल्याकडे पाऊस कमी, त्यामुळे मातीतला चुना धुऊन जात नाही, खडे बनून राहतो. असा एखादा खडा भांड्यात राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भांडं छान भाजून निघतं, तुम्ही फोटो टाकता, लाइक्स येतात. मग तो चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि दोन-चार दिवसांनी टक्क करून भांड्याचा टवका उडतो. उपाय एकच, आणि कंटाळवाणा: माती बादलीत कालवा, जड खडे खाली बसू द्या आणि वरचं पातळ पाणी जुन्या साडीच्या कापडातून गाळून घ्या. हे काम रीलमध्ये कुणी दाखवत नाही.

सुटीच्या दिवशी माती बघायला बाहेर पडा. उन्हाळ्यात हिप्परगा तलावाचं पाणी हटलं की काठावर गाळ दिसतो. सीनेच्या काठची माती वेगळी, माळावरचा मुरूम वेगळा. मालकाला विचारून मूठ-मूठ आणा. (नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून मात्र काहीही उचलायचं नाही. तिथलं गवत आणि मातीचे रंग डोळ्यांत भरून आणा.) करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तुटली तर चिकटपणा कमी. एका पट्टीवर १० सेंमीची रेघ मारा आणि वाळल्यावर पुन्हा मोजा. ९ भरली तर १० टक्के आकसली. मातीवर लिंबाचे थेंब टाका. फेस आला तर चुना आहे.

खरी गंमत भट्टीत. काळी माती भाजल्यावर विटेसारखी लाल निघते, कारण तिच्यातल्या लोहाला हवा मिळते. हवा कोंडून धूर केला तर तीच काळी होते. साधारण ९०० अंशांना तिचं मडकं होतं. १२०० च्या वर नेली तर बऱ्याचदा ती वितळायला लागते आणि भांडं बसतं. वाया गेली? नाही, वितळते म्हणजेच तिचं ग्लेझ होऊ शकतं! विकतच्या पांढऱ्या स्टोनवेअर मातीच्या मगला आपल्या मातीचा पातळ लेप द्या, हवं तर कडब्याची राख आणि खडी क्रशरची भुकटी चाळून मिसळा. तपकिरी-काळी चकाकी येऊ शकते. प्रमाण मात्र छोट्या तुकड्यांवर, खाली फरशीचा तुकडा ठेवून ठरवा, नाहीतर ओघळ भट्टीलाच चिकटतील. मला विचाराल तर मंदिराच्या चित्रापेक्षा असा मग जास्त सोलापुरी.

मातीत हात घालण्याआधी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला एक चक्कर माराच. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात उल्लेख असलेलं तगर ते हेच, आणि गोरोबाकाकांचं गावही हेच. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती बघायला मिळतात. गोरोबांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची कथा आपल्याला माहीत असते. पण ती परीक्षा आजही तशीच चालते. नीट भाजलेलं मडकं खणकन वाजतं, कच्चं किंवा तडा गेलेलं बद्द वाजतं.

संक्रांतीच्या आधी आईबरोबर सुगडं घ्यायला जाल तेव्हा भाव करत बसू नका. माती कुठून आणता, कशात काय मिसळता, ते विचारा. हे ज्ञान वहीत नसतं, आणि पुढची पिढी चाकावर बसली नाही तर ते कुणाकडेच उरत नाही. जमलं तर पुढच्या भट्टीत तुमच्या दोन वाट्या पैसे देऊन भाजून मिळतील का, तेही विचारा. वाट्या पूर्ण वाळलेल्या असू द्या. ओली वाटी भट्टीत फुटते आणि शेजारची दहा सुगडंही फोडते.