पावलांची नाणी आणि व्यायामाची सवय

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. घरातील दिवे मालवले गेले आहेत. पण कुणीतरी हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत आहे. मोबाइलवर ९,६०० हा आकडा दिसतो आणि बारा वाजण्यापूर्वी तो १०,००० वर न्यायचा आहे. पहाटे फिरण्याचा संकल्प आठवडाभरही न टिकवणारी माणसे एका डिजिटल पदकासाठी एवढा आटापिटा का करतात आणि त्यातून कायमची सवय लागते का, हा प्रश्न गोमंतकीयांसाठी निव्वळ कुतूहलाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते.

नाण्याची किमया

२०१९ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘स्टेपसेटगो’ हे अ‍ॅप या प्रकाराचे जवळचे उदाहरण. चाललेल्या पावलांच्या बदल्यात नाणी मिळवायची आणि ती अ‍ॅपमधील बाजारात वस्तू किंवा सवलतींसाठी खर्चायची, अशी त्याची रचना. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या आत्मनिर्भर भारत अ‍ॅप स्पर्धेत आरोग्य विभागात ते विजेते ठरले.

अशा खेळांचे मर्म साधे आहे. व्यायामाचे कष्ट आज सोसावे लागतात, लाभ मात्र अनेक महिन्यांनी पदरात पडतो. हे अंतर मनाला पेलवत नाही. नाणे, पदक किंवा वरची पायरी त्या दूरच्या लाभाचा लहानसा हप्ता आजच हाती ठेवते.

मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याची रुखरुख अधिक तीव्र असते, याचाही उपयोग केला जातो. अमेरिकेत ६०२ स्थूल किंवा जास्त वजनाच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप अप’ प्रयोगात खेळणाऱ्या गटांना दर सोमवारी ७० गुण आगाऊ दिले जात. ज्या दिवशी पावलांचे लक्ष्य चुकेल, त्या दिवशी १० गुण वजा होत. हातचे गुण राखण्यासाठी माणसे चालू लागली.

बक्षीस थांबल्यावर

खरी कसोटी मात्र पुढेच असते. २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ या खेळाने जगभरातील तरुणांना रस्त्यावर आणले. त्याच वर्षी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यासानुसार पहिल्या आठवड्यात खेळाडूंची पावले दिवसाला सरासरी ९५५ ने वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती पूर्ववत झाली. शिवाय या खेळाची ठिकाणे शहरांत दाट आणि खेड्यांत विरळ होती. नकाशावरचा खेळ असा शहराला झुकते माप देतो. पावलांच्या गणतीला तो भेद नाही. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर असो की मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातील तिरोडीसारख्या मँगनीज खाणींच्या गावात, हजार पावले हजारच भरतात.

‘स्टेप अप’ प्रयोगात २४ आठवड्यांनी खेळ थांबवून आणखी १२ आठवडे पावले मोजली गेली. खेळ सुरू असताना तिन्ही गट, म्हणजे घरच्यांचा आधार असलेला, सहकार्याने खेळणारा आणि आपसांत स्पर्धा करणारा, केवळ पावले मोजणाऱ्या गटापेक्षा पुढे होते. खेळ थांबल्यावर निश्चित म्हणता येईल अशी आघाडी फक्त स्पर्धा करणाऱ्या गटाची उरली. तीही दिवसाला ९२० पावलांवरून ५६९ वर आली होती. गुणांचे आकर्षण ओसरले, तरी सोबतच्यांशी लागलेली चुरस काही अंशी टिकली, असा याचा अर्थ लावता येतो.

आकड्याची गुलामी नको

१०,००० या आकड्याचाही बाऊ करण्याचे कारण नाही. १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीने पाऊलमापक विकण्यासाठी तो रूढ केला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६ हजारांहून अधिक अमेरिकन महिलांच्या २०१९ मधील अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते आणि सुमारे ७,५०० नंतर त्यात आणखी घट दिसली नाही.

म्हणून अ‍ॅप सुरू करताना आधी आठवडाभर आपली नेहमीची पावले मोजावीत आणि लक्ष्य त्याहून थोडेच वर ठेवावे. दोन-तीन ओळखीच्यांना सोबत घ्यावे. चालण्याची वेळ रोजच्या एखाद्या कामाला जोडावी. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एखादा दिवस चुकून साखळी तुटली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे. कारण तुटते ती अ‍ॅपमधील साखळी, शरीराने कमावलेले एका दिवसात वाया जात नाही.

लहान मूल पांगुळगाड्याच्या आधाराने चालायला शिकते, पण तो जन्मभर ओढत नाही. डिजिटल नाण्यांचे स्थान तेवढेच असावे. फोन घरी विसरला तरी पाय आपोआप रस्त्याला लागले, की सवय रुजली असे समजावे.