हॅवलॉकच्या पाण्यातली नावे

अंदमानातील हॅवलॉक, म्हणजे आजचे स्वराज द्वीप, या बेटाच्या आसपासच्या समुद्रात डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार, बॅराकुडा सिटी, नेमो रीफ, लाइटहाउस अशा नावांच्या डाइव्ह साइट, म्हणजे पाणबुड्यांच्या उतरण्याच्या जागा, आहेत. पाण्यावरच्या बेटांना नावे दिली ती सत्तेने. पाण्याखालच्या खडकांना दिली ती तिथे उतरणाऱ्यांनी.

ज्या द्वीपसमूहात हे बेट येते त्याला ईस्ट इंडिया कंपनीचा सागरी सर्वेक्षक जॉन रिची याचे नाव आहे. त्यातल्या बेटांची जुनी नावे वाचत गेले की 1857च्या उठावाविरुद्ध लढलेल्या इंग्रज फौजेचा हजेरीपटच समोर येतो. लखनौच्या मोहिमेत मेलेला हेन्री हॅवलॉक; अलाहाबाद आणि कानपूरच्या सूडसत्रामुळे कुप्रसिद्ध झालेला नील; दिल्लीत पडलेला निकल्सन; आरमारी तोफा घेऊन लखनौवर गेलेला पील; आणि औट्रम, म्हणजे 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा तोच अधिकारी. 1858 साली उठावातले कैदी अंदमानात आणले गेले. त्यांना हरवणाऱ्यांची नावे शेजारच्या बेटांना मिळाली, यात योगायोग मानायचा तर फारच भोळे असावे लागेल.

मराठी वाचकाला यातले एक नाव जास्त खुपेल. नील बेटाजवळच्या एका चिमुकल्या बेटाला सर ह्यू रोज याचे नाव मिळाले. एप्रिल 1858मध्ये झाशी घेणारा, पुढे काल्पी आणि ग्वाल्हेरपर्यंत राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांचा पाठलाग करणारा सेनापती तो हाच. पुढे 1996 साली याच रिची द्वीपसमूहात सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याला नाव दिले गेले राणी झाशीचे. जुने नाव न पुसता त्याच्या शेजारी उत्तर लिहून ठेवण्याची ही रीत पुढच्या नामांतरांपेक्षा अधिक बोलकी आहे.

हॅवलॉकवर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी वैष्णव नावे रुजली. 30 डिसेंबर 2018 रोजी हॅवलॉकचे स्वराज द्वीप व नीलचे शहीद द्वीप झाले. 1943 साली नेताजींनी ही दोन नावे सुचवली होती ती संपूर्ण अंदमान आणि निकोबार या दोन समूहांसाठी. प्रत्यक्षात ती आली दोन लहान बेटांच्या वाट्याला. 2023 साली आणखी 21 बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे मिळाली. त्यांत कारवारजवळचे मेजर राम राघोबा राणेही आहेत.

या सगळ्या उलथापालथीची झळ पाण्याखाली पोचली नाही. तिथला नकाशाच निराळा. नाविकाच्या नकाशात खोली असते ती जहाजाचा तळ घासू नये म्हणून. पाणबुड्याला हवे असते सुळक्याचे टोक किती मीटरवर, पायथ्याची वाळू किती खोल, दोर कुठे बांधलेला आणि ओढ कोणत्या बाजूची. उधाणाच्या दिवसांत ही ओढ इतकी वाढते की त्याच जागी उतरण्याची वेळ बदलावी लागते. नवशिक्याला 18 मीटरपर्यंतच मुभा असते, त्यामुळे खोलीचा आकडा नावाइतकाच महत्त्वाचा. असा नकाशा बहुतेकदा उतरण्यापूर्वी फळ्यावर काढला जातो आणि संध्याकाळी पुसला जातो.

नेमो रीफ हे नाव 2003च्या सिनेमातून आलेले, बॅराकुडा सिटी माशांच्या थव्यांवरून. पर्यटकाला सोपी, पण कुठल्याही बेटावर खपतील अशी. खरी या पाण्याची नावे डिक्सन आणि जॉनी यांची. डिक्सन्स पिनॅकल म्हणजे खोल पाण्यातले तीन सुळके, जॉनीज गॉर्ज म्हणजे खडकांमधली घळ. दोन्हींना स्थानिक डायव्हिंग गाइडांची नावे आहेत. हॅवलॉकचा डायव्हिंगचा व्यवसाय उभा करण्यात कारेन समाजातल्या तरुणांचा मोठा हात आहे. 1925च्या सुमारास इंग्रजांनी कारेन कुटुंबे ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणली आणि मायाबंदरजवळ वेबी येथे वसवली. समुद्राची त्यांची जाण या धंद्याच्या कामी आली.

सेनापतींनी ही बेटे जिंकली नव्हती, बहुतेकांनी पाहिलीही नसावीत. डिक्सन आणि जॉनी मात्र आपापल्या खडकावर उतरलेले होते. त्या दोघांचा हक्क अधिक पक्का आहे. फळ्यावरची ही नावे कोणी, केव्हा आणि का दिली याच्या नोंदीसह जलालेखन विभागाने छापील नकाशात घ्यावीत, आणि ती बदलण्याच्या फंदात कोणी पडू नये.