संजीवनी माची आणि चार जीबी

वेल्ह्यात पाऊस कोसळतो आहे. तोरणा दिसतच नाही. ओसरीवर शेजारची इंजिनिअरिंगची पोरगी लॅपटॉप मांडून बसली आहे. भुतोंड्याकडून अळू दरवाजाने चढून तिने राजगडाच्या संजीवनी माचीचे ढीगभर फोटो काढले, त्यांवरून दुहेरी तटबंदीचं मॉडेल केलं. आता ती ते ब्लेंडरमध्ये फिरवते आहे आणि तट पावलापावलाला अडखळतो आहे.

धाकटा भाऊ टास्क मॅनेजर उघडतो. "ताई, ग्राफिक्सला बारा जीबी आहे की गं! ११.९ लिहिलंय."

"ती बेरीज आहे. दोन्ही आकडे वेगळे वाच."

डेडिकेटेड ४, शेअर्ड ७.९. पहिले चार जीबी कार्डाचे स्वतःचे: ग्राफिक्स चिपशेजारी बसवलेली जीडीडीआर ६ मेमरी. उरलेले ७.९ वेगळे कुठेच नाहीत. लॅपटॉपच्या १६ जीबी रॅममधून गरज पडली तर किती उसनं घेता येईल, त्याची ती मर्यादा. आणि त्याच रॅममध्ये विंडोज, ब्राउझर, ब्लेंडर सगळेच राहतात. लॅपटॉप घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हे आधी कुणीतरी सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

ती वहीत हिशोब मांडते. ४०९६ बाय ४०९६चं एक टेक्स्चर उलगडलं की ६४ एमबी. अशी सत्तर, म्हणजे ४४८० एमबी. चार जीबीत मावत नाहीत. पडद्यावर तेच दिसतं: डेडिकेटेडचा आलेख माथ्याला टेकलाय, शेअर्डचा वर सरकतोय. न मावलेलं रॅममधून आणावं लागतं, आणि ती वाट कार्डाच्या मेमरीपेक्षा कितीतरी अरुंद.

ती सेटिंगमध्ये टेक्स्चरची मर्यादा २०४८ करते. प्रत्येकी १६ एमबी, एकूण ११२०. शेअर्डचा आलेख खाली येतो. माची सरसर फिरते. चिलखती बुरुजाच्या दोन भिंतींमधली वाट आरपार दिसते. मी पुढे सरकून बघत राहतो.

"आणि माझ्यात?" भाऊ आपला लॅपटॉप पुढे करतो. त्यात वेगळं कार्ड नाही. डेडिकेटेड फक्त १२८ एमबी, बाकी सगळं रॅमवर. रॅमची ८ जीबीची एकच पट्टी, डीडीआर ४, ३२००. सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी. जोडीला दुसरी बसवली तर ५१.२.

"एक जागा रिकामी आहे तुझ्यात. भोरला गेलास की पट्टी आण. आठचीच, ३२००ची."

"केवढ्याला येते?"

"आधी आईला विचार."