चित्र खरे कशावरून?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बदलापुरास आमच्या शेजारच्या न्हाणीघरात पांढऱ्या पट्ट्यांचा एक काळसर साप निघाला. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाइलवर 'मण्यार' हा शब्द घालून चित्र शोधले. ते हुबेहूब जुळले आणि घरात एकच आकांत झाला. तोच सर्पमित्र आले व म्हणाले, "मास्तर, हा तर बिनविषारी कवड्या!" मोबाइलवरील चित्रही कवड्याचेच होते, नाव मात्र कोणी मण्यारीचे घातले होते. या खेपेस चुकीने भीती तेवढी दाखविली. पण मण्यारीच्या चित्राखाली 'कवड्या' असे लिहिलेले असते, तर?

चित्रांचा ढीग निराळा व चित्रसंग्रह निराळा. संग्रहात चित्रासोबत शास्त्रीय नाव, स्थळ, दिनांक आणि चित्र कोणाचे, याची नोंद असते. शिवाय एकाच प्राण्याची अनेक चित्रे शेजारी ठेवून पाहता येतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असून ते शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात. हा भेद एका चित्रावरून ध्यानी येत नाही.

शोध घेताना शास्त्रीय नाव रोमन लिपीत घालावे. मण्यारीचे नाव 'बंगारस सेरुलिअस', तर कवड्याचे 'लायकोडॉन ऑलिकस'. बोलीतील नाव गावोगाव बदलते. हे नाव सर्व जगात एकच.

प्राणी व वनस्पती यांसाठी 2008 साली सुरू झालेला 'आयनॅचरलिस्ट' पाहावा. तेथे ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचे एकमत झाल्यावाचून नोंद अभ्यासयोग्य ठरत नाही. रोग व रोगजंतू यांच्या चित्रांकरिता अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने 1998 साली उघडलेली 'पब्लिक हेल्थ इमेज लायब्ररी' आहे. तेथे प्रत्येक चित्रास क्रमांक व सविस्तर टिपण असते. वैद्यकाचा इतिहास पाहावयाचा असल्यास लंडनचा 'वेलकम' संग्रह उघडावा. 1896 साली मुंबईत उद्भवलेल्या प्लेगच्या काळातील छायाचित्रे आपणांस तेथे घरबसल्या पाहता येतात. चित्र शाळेच्या हस्तलिखितात वा अन्यत्र छापावयाचे असेल, तर त्याखालील परवान्याची ओळ आधी वाचावी.

शेवटी एक इशारा. चित्र हे अभ्यासाचे साधन आहे, उपचाराचे नव्हे. अंगावरील पुरळ चित्राशी ताडून औषध घेऊ नये. आणि साप चावलाच, तर त्याचे चित्र शोधीत एक क्षणही दवडू नये; थेट रुग्णालय गाठावे. आपल्या देशात दिले जाणारे सर्पविषावरील इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर चालते. त्या घटकेस सापाचे नाव ठाऊक नसले तरी चालेल. वेळ मात्र हातची जाता कामा नये.